सातव्या काकांची जीभ

“बा, खरं सांगा हं, तुम्हाला चव कळते का हो?”

थोआने विचारलं आणि उघाडीवर जमलेली चाळीसएक माणसं हातातले चहाचे पेले तसेच धरून गप्प झाली. मागे कठड्याला टेकलेल्या स्वेन आणि लिएव या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी मात्र एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. विचारलं गं, बाईने खरंच विचारलं! पैज आठवडाभराच्या उसाच्या रसाची होती. लिएवच्या बहिणीच्या लग्नात आचाऱ्याने माशाच्या कढणात दोनदा मीठ टाकलं होतं. पाहुणे थुंकत मोरीकडे पळाले आणि थोआच्या बाने शांतपणे दोन वाट्या संपवून वर वाटी चाटली. तेव्हापासून या दोघी तिच्या मागे लागल्या होत्या. “विचार ना! जिल्ह्याच्या भाषणात पहिली आलीस आणि घरात शेपूट घालतेस होय?”

शेपूट घालणं हे थोआला सोळाव्या वर्षी अजिबात मान्य नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती वर्गात हात वर करताना इकडेतिकडे बघायची. मग ते भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि तिला शोध लागला की आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. आता तो कुठंकुठं पोचतो हे बघायची तिला घाई झाली होती.

पण तिने काय विचारलं होतं ते कळायला उघाडी समजून घ्यायला हवी. नदी आणि वाडीचा कालवा यांच्यामध्ये एक लोखंडी दार आहे. नदीचं पाणी गोडं असेल तर ते दार उचलायचं, खारं असेल तर मिटून ठेवायचं. समुद्र तिथून बावीस किलोमीटरवर. उन्हाळ्यात तो नदीतून वर चढत येतो. वर परमुलखातली धरणं पाणी अडवून बसली की जास्तच चढतो. तो आज कुठवर आला हे ठरवायचं थोआच्या बाने. जिभेने. अठरा वर्षं. त्या जिभेवर दोनशे एकरांचा भात उभा होता.

वाडीत मोठ्या माणसांना नावाने हाक मारत नाहीत, कितवं मूल त्यावर मारतात. बा झाले सातवे काका. वाडीप्रमुख तिसरे काका. आणि सगळ्यात आधी हसले ते हे तिसरे काका.

“अरे सातव्या, पोर बापाची परीक्षा घेतेय! घेऊ द्या की. आणा रे तीन वाडगे!”

“पाणीही तिनेच आणायचं. प्रश्न तिचा, तर मेहनत तिची.”

“सरकारने दिलेलं मशीनही काढा. होऊन जाऊ दे, मशीन की सातवा!”

सगळे खिदळले. सरकारने मीठ मोजायचं एक यंत्र दिलं होतं, शाईच्या पेनाएवढं. तीन वर्षांपूर्वी त्याने चार दिवस सलग ‘खारं’ म्हटलं, दार बंद राहिलं, रोपं वाळली, आणि नंतर कळलं की त्याचा सेल उतरला होता. सेल पाच हजार डोंगांचा, म्हणजे एका चहाच्या किमतीचा. पण यंत्रावरचा विश्वास गेला तो गेलाच.

थोआने तीन वाडगे भरले. एकात घरच्या रांजणातलं पावसाचं पाणी. दुसऱ्यात कालव्याच्या शेपटाला पाचव्या मावशीची कोळंबीची तळी होती, तिथलं. तिसऱ्यात नदीचं. नदीचं भरताना तिने बोट बुडवून चाखलं: किंचित खारट, रडून झाल्यावर ओठाला लागतं तेवढं.

बाने कोळंबीच्या तळ्याचा वाडगा आधी उचलला. नेहमीप्रमाणे डोळे मिटले, घोट डाव्या गालात नेला, उजव्या गालात नेला, टाळूला लावला. एरवी एवढं झालं की निकाल येत असे. आज आला नाही. बाने डोळे उघडून थेट तिच्याकडे बघितलं. बाजारात बदकाला पिंजऱ्यातून पायाला धरून बाहेर काढतात तेव्हा ते असंच बघतं.

म्हणजे खरं होतं तर. तेतच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या आधी बाला पंधरा दिवस ताप आला होता, तेव्हाच गेली असणार चव. महिनाभर हा माणूस दार उघडत आणि मिटत होता ते पाण्याचा रंग बघून, अंदाजाने, नशिबाने.

पुढे तिने जे केलं ते ठरवून केलं नाही. हाताने वेणी पाठीवरून पुढे ओढली आणि शेंडा दातात धरून तोंड वाकडं केलं.

“खारं,” बा म्हणाले. “पाचव्या बाईच्या तळ्यातलं.”

“वा!”

दुसऱ्या वाडग्याला तिने वेणी पाठीवर टाकली. “गोडं. पावसाचं.” तिसऱ्याला तिने वेणी पुढे घेतली आणि लगेच सोडून दिली. बाने मुद्दाम वेळ लावला, जीभ टाळूवर वाजवली. “नदीचं. थोडं लागलंय. आज दार मिटलेलं.”

मशीन म्हणालं तेच. टाळ्या झाल्या. बाच्या पाठीवर थापा पडल्या, थोआच्या डोक्यावर टपल्या. मशीनला समारंभाने वाडीच्या कचेरीत नेऊन धरणीदेवाच्या देव्हाऱ्यात उदबत्त्यांच्या मागे बसवलं. “बस बाबा तू इथं, फळं खा,” तिसरे काका म्हणाले आणि पुन्हा हशा झाला.

एकटी पाचवी मावशी हसली नाही. “देव्हाऱ्यात काय ठेवताय? रोज वापरा ना. माणूस आहे, चुकेल एखाद दिवस.”

“तू आपली कोळंबीला दाणे घाल जा,” कोणीतरी म्हणालं. “तुला खारंच हवंय.”

घरी जाताना सायकल ढकलत बा पुढे चालत होते. नारळाच्या बागेपाशी म्हणाले, “वेणी जरा घट्ट घालत जा. सुटते.”

एवढंच. त्यानंतर रोज ती आधी घाटावर जायची, हात धुतल्यासारखं करून बोट चाखायची, आणि बा वाडगा तोंडाला लावायचे तेव्हा समोर उभी राहायची. खरं सांगायचं तर तिला मजाच येत होती. अख्खी वाडी बाच्या तोंडाकडे बघायची आणि बा तिच्या वेणीकडे. दोनशे एकरांची मालकीण असल्यासारखं वाटायचं. उसाचा रसही आठवडाभर मिळाला. स्वेन म्हणाली, “तुझा बा म्हणजे खरंच कमाल आहे,” आणि थोआ म्हणाली, “मग!”

त्या वर्षी भाताची ही तिसरी पेरणी व्हायलाच नको होती. जिल्ह्याने पत्रक काढलं होतं, पाणी येणार नाही, जमीन पड ठेवा. पण तिकडे भारताने तांदूळ बाहेर पाठवणं बंद केलं होतं, फिलिपिन्सवाले आणि इंडोनेशियावाले मिळेल तिथून उचलत होते, आणि व्यापारी होड्या घेऊन थेट बांधाला लागले होते. एवढा भाव वाडीने जन्मात पाहिला नव्हता. माणसांनी खळ्यावरचा भात विकला. मग कणग्यांतला, स्वतः खायचाही विकला. पुढचं पीक येतंच आहे की अडीच महिन्यांत, तेव्हा खाऊ. कुठल्याशा लांबच्या युद्धाने युरियाचा भाव दुप्पट झाला तरी घातला. सभेत एकच बाई उठून उभी राहिली, पाचवी मावशी.

“घरातलं तरी ठेवा रे. मीठ आलं तर काय खाल? नोटा?”

तिचं ऐकायला कोणाला वेळ होता? बाई विधवा, चाळिशीतली, वाडीत एकटी, आणि तोंडाची तिखट. तीन वर्षांपूर्वी तिची खालची जमीन मिठाने गेली तेव्हा ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिथंच तळी खोदून कोळंबी सोडली. हे काही लोकांना आवडलं नव्हतं. बुडालेल्याने बुडालेलं दिसावं अशी वाडीची अपेक्षा असते.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा जवळ आली तशी थोआची वेणी पुढेच राहू लागली. दहा दिवस दार बंद. कालवा आटला, भात नेमका पोटरीत आला, लोंबी पोटात धरली, आणि शेताला भेगा पडल्या, बोट जाईल एवढ्या. बायका घागरीने पाणी घालून बघत होत्या, दोनशे एकरांना!

पौर्णिमेच्या सकाळी थोआची गणिताची परीक्षा होती. पहाटे तिने पाणी चाखलं तर जीभ आखडली.

“बा, आज अजिबात नाही. मी येईपर्यंत हात लावू नका.”

“कळतं मला,” बा म्हणाले. तिला वाटलं चिडून म्हणाले, पण परीक्षा होती, ती निघून गेली.

पुढचं तिला नंतर लिएवच्या भावाच्या फोनमधून दिसलं. त्याने सगळं टिपलं होतं. दहा वाजता अख्खी वाडी उघाडीवर. भरती चढत होती, आणि वरून आलेल्या जलपर्णीचे हिरवेगार पुंजके दारापाशी डोलत होते. तिसरे काका ओरडत होते, “सातव्या, बघ तरी! जलपर्णी हिरवी आहे. खाऱ्यात ती टिकते का? आज पाणी नाही मिळालं तर पोटरी आतल्या आत सुकेल.”

“दुपारी बघू,” बा म्हणाले.

“दुपारी का? पोर शाळेतून आल्याशिवाय जीभ चालत नाही का तुझी?”

हशा. चांगला मोठा, चाळीस माणसांचा. कोणीतरी बायकी आवाजात म्हणालं, “थोआ गं, ये गं, बाला भरव गं!” फोन बाच्या चेहऱ्याजवळ गेला. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी वाडगा बुडवला, डोळे मिटले, डावा गाल, उजवा गाल, टाळू. जुन्या दिवसांतल्यासारखं, अगदी ऐटीत.

“गोडं आहे. उचला.”

चाळीस हात दाराला लागले.

साडेअकराला थोआ सायकलवरून आली ती गात आली, पेपर सोपा गेला होता. वाटेत शेतं चमकत होती. भेगा भरल्या होत्या, पोरं बांधावरून पाण्यात उड्या मारत होती, बायका हसत होत्या. तिने सायकल टाकली, वाकून ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

तिचं तोंड समुद्राने भरलं.

ती धावत उघाडीवर गेली. बा कठड्यावर बसून कोणीतरी दिलेली सिगारेट ओढत होते. ती त्यांच्या कानाला लागली. “बा, मीठ आहे. नुसतं मीठ आहे.”

त्यांच्या हातातली सिगारेट पाण्यात पडली. मग ते उठले आणि मोठ्याने म्हणाले, “पुरे झालं रे पाणी! दार पाडा.”

पडलं दार. पण आत आलेलं आतच राहिलं. धुवायला गोडं पाणी कुठून आणणार? थोआ दिवसभर वाट बघत होती, बा आता सांगतील, मग सांगतील. बाने संध्याकाळी जेवून हात धुतले आणि झोपून गेले.

तिसऱ्या दिवशी पात्यांची टोकं पिवळी झाली. पाचव्या दिवशी भाजल्यासारखी लाल. आठव्या दिवशी जी लोंबी बाहेर आली ती पांढरी होती, बोटाने दाबली की नुसता भुसा. दोनशे एकर पांढरे. ज्यांनी कणग्या विकल्या होत्या ते दुकानातून किलोकिलोने तांदूळ आणायला लागले, आपल्याच विकलेल्या भावाच्या सव्वापटीने. पिशवी छातीशी धरून, कोणी बघत नाही ना असं बघत.

आता कोणाचं तरी चुकायला हवं होतं.

सातव्या काकांचं म्हणावं तर ज्यांनी त्यांना डिवचलं त्यांचंही चुकलं, आणि दार उचलणाऱ्या चाळीस हातांचंही. एवढ्या सगळ्यांचं एकदम चुकणं वाडीला परवडण्यासारखं नव्हतं. एकाच माणसाचं चुकलं तर बरं, आणि ते माणूस एकटं राहणारं असलं तर आणखी बरं.

“पाचवीची कोळंबी कशी काय मस्त आहे हो?” पहिल्यांदा कोण म्हणालं कोण जाणे.

“तिच्या तळ्याचा पाइप कालव्यातच सुटतो ना?”

“तिला हवंच होतं. सभेत शाप दिला नव्हता का बाईने?”

थोआने हे चहाच्या टपरीवर ऐकलं, शाळेच्या फाटकाशी ऐकलं, स्वेनच्या तोंडून ऐकलं. “काय गं, तुझ्या बाने गोडं पाणी सोडलं आणि त्या बयेने मागून खारं घातलं! चेटकीण मेली.” थोआ सायकलचं कुलूप काढायला लागली. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज कुठं गेला होता देव जाणे.

रविवारी सकाळी सगळे निघाले. फावडी होती, कुदळी होती, आणि गोगलगायी मारायच्या औषधाच्या चार पिशव्या होत्या. तिसऱ्या काकांनी बाला घरातून बोलावून घेतलं. “सातव्या, तू चाखून सांग. उगाच कोणावर अन्याय नको.”

अन्याय नको! थोआ मागोमाग गेली.

पाचवी मावशी तळ्याच्या बांधावर उभी होती, पायजमा गुडघ्यापर्यंत वळलेला, हातात खाण्याचं टोपलं. तिने माणसं मोजली, फावडी बघितली, आणि टोपलं खाली ठेवलं.

“या. चहा ठेवू का एवढ्यांना?”

“पाइप कुठं आहे तुझा?”

“तिथंच आहे, जिथं तुम्ही परवानगीचा शिक्का मारला होतात. महिनाभर बांधून ठेवलाय. बारा दिवसांनी माल काढायचाय, मी कशाला पाणी सोडू? मशीन आणा की. देव्हाऱ्यातून उठवा त्याला.”

“मशीन नको. सातवा आहे.”

पाइपच्या तोंडाखाली एक चर होता, त्यात वीतभर पाणी साचलेलं. मागच्या आठवड्यात एक सर पडून गेली होती, त्याचंच. थोआ पुढे घुसली, पाय घसरल्यासारखं करून हात चरात टेकला आणि बोट तोंडात घातलं.

गोडं. चिखलाचं, कुजक्या पानांचं, पण गोडं. इथून मिठाचा कणही गेला नव्हता.

तिने वेणी पाठीवर टाकली. सावकाश, नीट, डोकं झटकून, म्हणजे बाला दिसावं. बाने वाडगा तोंडाला लावलेला होता आणि वाडग्याच्या काठावरून ते तिच्याकडेच बघत होते. त्यांनी बघितलं. ती शपथेवर सांगू शकली असती की त्यांनी बघितलं, कारण त्यांची नजर वेणीबरोबर तिच्या खांद्यावरून मागे गेली.

डावा गाल. उजवा गाल. टाळू. मग बा थुंकले.

“खारं,” ते म्हणाले. “इथूनच गेलंय.”

“काय बोलताय सातवेभाऊ?” मावशीचा आवाज बसला. “अहो, माझ्या नवऱ्याच्या मयताला खांदा दिलात तुम्ही. परत चाखा. परत एकदा चाखा!”

पहिलं फावडं बांधात गेलं.

मग मावशी थोआकडे वळली. गर्दीत तिला नेमकी तीच दिसली. “पोरी, तू बोट घातलंस ना आत्ता? मी पाहिलं. तू सांग. खारं होतं?”

फावडी थांबली. चाळीस तोंडं थोआकडे वळली, त्यात स्वेनचं होतं, लिएवचं होतं, तिसऱ्या काकांचं होतं. बाचं नव्हतं. बा वाडगा धुत होते. भाषणाच्या दिवशीही एवढी माणसं तिच्या तोंडाकडे एवढी टक लावून बघत नव्हती. एक शब्द पुरला असता.

“बा म्हणतात तेच,” थोआ म्हणाली.

मावशीने मान हलवली. एकदाच. जणू दुकानदाराने भाव सांगितला आणि तिला तो कळला.

बांध फुटायला पाव तास लागला. ज्यांना पाणी उतरताना हाताने कोळंबी पकडता आली त्यांनी बादल्या भरून घेतल्या. उरलेल्या खोल भागात औषधाच्या पिशव्या ओतल्या. कोळंबी आधी वर आली, मग उड्या मारायला लागली, शेकड्यांनी, पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. पोरं आरडाओरडा करत होती, लिएवचा भाऊ टिपत होता. बांधावर उडून पडलेली कोळंबी लोक पायाने परत आत लोटत होते. मावशी टोपल्याशेजारी उकिडवी बसली होती. कोणी तिला हात लावला नाही. जाताना एका म्हातारीने तिच्या टोपल्यातलं खाणं तेवढं तळ्यात उपडं केलं. “घे, जेवू घाल त्यांना,” म्हणाली. सगळ्यांना फार हसू आलं.

दुपारी तिसऱ्या काकांनी थोआच्या घरी बादलीभर कोळंबी पाठवली. औषधाच्या आधी पकडलेली, मोठी, जिवंत. सातव्यासाठी, मानाची.

थोआच्या आईने, माने, ती लसूण घालून परतली. दुकानातल्या तांदळाचा भात, आंबट कढण आणि मध्ये ही लालभडक थाळी. बाने चार सोलून भातावर घेतल्या.

“छान झालीय.”

“मी मीठ घातलेलंच नाहीये,” मा म्हणाली.

बाचा घास थांबला.

“तेतच्या दिवशी माझ्या हातून मांस करपलं होतं, तुम्ही म्हणालात इतकं चवदार कधीच झालं नव्हतं. तेव्हापासून माहीत आहे मला.” माने स्वतःच्या वाडग्यात कढण घेतलं. “खा आता. झालं ते झालं.”

“मा, त्यांनी माझी वेणी पाहिली,” थोआ म्हणाली. “मी गोडं सांगितलं होतं. त्यांनी पाहिलं आणि खारं म्हणाले.”

“हळू बोल. भिंती पातळ आहेत.”

“बा, पाहिलंत ना तुम्ही?”

बाने एक कोळंबी उचलली, डोकं मोडलं, कवच काढलं. त्यांची बोटं सराईतपणे चालत होती. “गोडं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग खारं कुठून आलं, असा. ती फावडी कुठं गेली असती? या घराला बांबूच्या भिंती आहेत, पोरी. तिचं तळं गेलं. पुन्हा खोदेल. ती एकटी आहे, तिला दोन वेळचं किती लागतं? आपण तिघं आहोत.”

“तिने तुम्हाला परत चाखा म्हणून सांगितलं.”

“आणि तुला विचारलं,” बा म्हणाले. “तू काय म्हणालीस?”

हे मात्र खरं होतं. थोआने वाडग्यातल्या भाताकडे बघितलं. बाचा आवाज चढलेला नव्हता, उलट मऊ होता, आणि त्यामुळेच तिला तो सहन होईना. आता दोघं एका होडीत आहोत असं ते तिला समजावत होते. कदाचित त्यांना बरंही वाटत असेल की होडीत कोणीतरी आहे.

“महिनाभराने पाऊस येईल,” मा म्हणाली. “मीठ धुऊन जाईल, लोक विसरतील. तू जेव.”

“मावशी काय जेवेल?”

“ते तू बघणार आहेस का?” बा म्हणाले. “तुझं वय काय, तुझी शाळा, तुझी परीक्षा. डोक्यातून काढून टाक. आणि उद्यापासून उघाडीवर माझ्याबरोबर यायचं, पूर्वीसारखं. लोकांचा विश्वास आहे.”

लोकांचा विश्वास आहे! थोआला हसू आलं. बाहेरून तिसऱ्या काकांच्या घरातली गाणी ऐकू येत होती. त्यांच्याकडेही कोळंबी शिजली असणार. आज निम्म्या वाडीत कोळंबी होती. बारा दिवसांनी या कोळंबीचं मावशी काय करणार होती, छपराला पत्रा घालणार होती की मोटर घेणार होती, हे कोणालाच माहीत नव्हतं आणि आता कळणारही नव्हतं.

तिने जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि उठली. खुंटीवरून शाळेचं दप्तर काढलं, पुस्तकं पलंगावर उलटी केली आणि त्यात दोन कपडे कोंबले. मग मागच्या पडवीत जाऊन बाचं जुनं फावडं घेऊन आली.

“हे काय?” मा उभी राहिली. “कुठं निघालीस?”

“पाचव्या मावशीकडे. बांध घालायला.”

“वेडी झालीस? ती तुला दारात उभी करणार नाही.”

“नाही केलं तर बांधावर राहीन. मी तिथंच राहणार आहे, मा, तळं पुन्हा भरेपर्यंत. शाळेत तिथूनच जाईन.” तिचा आवाज पातळ भिंतींपलीकडे जात होता आणि तिने तो खाली घेतला नाही. “बा, मी उघाडीवर येणार नाही. आणि मी मावशीकडे का राहते असं जो कोणी विचारेल त्याला सांगणार. आधी मी काय केलं ते, मग तुम्ही काय केलंत ते. तिसरे काका तर आज संध्याकाळीच विचारतील.”